वाचकांचे प्रश्न: सोकाचे सेम्बे आणि पुण्यातलं वाळवण

मागच्या अंकात जपानमधल्या सोका गावच्या सेम्बेच्या दुकानांवर एक छोटी टीप छापली होती. तांदळाच्या उकडीची चकती लाटून वाळवायची, निखाऱ्यावर दाबत दाबत भाजायची आणि गरम असतानाच तिच्यावर सोया सॉसचा हात फिरवायचा, एवढंच त्यात होतं. बरीचशी पत्रं "करून पाहिलं, फुगलं नाही" या तक्रारीची आली. त्यामुळे त्या प्रश्नाला या वेळी सगळ्यात जास्त जागा दिली आहे.

प्रश्न: इंद्रायणीचं पीठ घेतलं, मोदकासारखी उकड काढली, चकत्या लाटून दोन दिवस गच्चीवर कडक उन्हात वाळवल्या. भाजल्यावर नुसते दगड झाले. एकही फुगला नाही. काय चुकलं? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर: तांदूळ बरोबर होता. चकत्या जास्त वाळल्या आणि उकड बहुधा कुटली गेली नाही. यातलं वाळवण जास्त महत्त्वाचं आहे.

आपल्या पापडात पापडखार असतो, सेम्बेत काहीच नसतं. खार नाही, सोडा नाही, आंबवणं नाही. चकतीच्या आत अडकलेलं पाणी, तेवढंच काय ते फुगवणारं. आच लागली की शिजून वाळलेला स्टार्च पुन्हा मऊ होतो, आतल्या पाण्याची वाफ होते आणि ती वाफ त्या मऊ स्टार्चला आतून ताणते. भाजायला घेताना चकतीत साधारण १३ ते १५ टक्के पाणी असेल तर हे नीट घडतं. पुण्याच्या एप्रिलमध्ये गच्चीवर दोन दिवस राहिलेली चकती याच्या बरीच खाली जाते. मग वाफच पुरेशी तयार होत नाही. चकती न फुगता तपकिरी होते आणि दाताला दगड लागतो. पापड कडक वाळवायची आपल्याला सवय आहे, तीच इथे आड येते.

पाणी किती उरलं हे घरी ओळखायचा भरवशाचा मार्ग म्हणजे वजनकाटा. ताज्या कापलेल्या चकत्यांचं वजन करा. ते १०० ग्रॅम असेल तर वाळून ५६-५७ ग्रॅमवर थांबायचं. खाली दिलेल्या प्रमाणाने २०० ग्रॅम पिठाच्या सगळ्या चकत्या वाळून २०५ ते २१० ग्रॅम भरतात, म्हणजे वजन जवळजवळ मूळ पिठाइतकं होतं. १९५च्या खाली गेलं तर त्या चकत्या सेम्बेच्या कामाच्या नाहीत. त्या तेलात तळा, चांगल्या लागतात.

आता कृती. धुऊन, सावलीत वाळवून दळलेल्या तांदळाचं बारीक पीठ २०० ग्रॅम, मीठ दीड ग्रॅम (सपाट पाव चमचा, वरून सोया लावायचा नसेल तर याच्या दुप्पट), कडकडीत पाणी १६० ते १७० मिली. पाणी दोन-तीन वेळा थोडं थोडं घालत आधी चमच्याने आणि मग हाताने गोळा करा. तो कानाच्या पाळीइतका मऊ हवा. लिंबाएवढे तुकडे तोडा, मधे अंगठ्याने दाबा म्हणजे वाफ आतपर्यंत जाते, आणि ओल्या फडक्यावर मोदकपात्रात २५ मिनिटं वाफवा. एक तुकडा मोडून पाहा. आत पांढरा पिठूळ ठिपका दिसला तर आणखी ५ मिनिटं द्या. कच्चा राहिलेला भाग पुढे कितीही भाजला तरी फुगत नाही.

यानंतरची पायरी बहुतेकांनी गाळलेली दिसते. वाफवलेले तुकडे गरम असतानाच खलबत्त्यात किंवा जाड बुडाच्या पातेल्यात ओल्या बत्त्याने ५ मिनिटं चांगले कुटायचे आणि मग ओल्या हाताने पुन्हा मळायचे. नुसती मळलेली उकड मोदकाला पुरते, इथे पुरत नाही. कुटल्याने तुकड्यांमधले सांधे मोडतात आणि गोळा एकजीव, चिवट होतो. सांधे राहिले तर वाफ तिथूनच फटीने निसटते. सोकात हे काम पूर्वी मुसळाने होत असे. आज बहुतेक ठिकाणी यंत्र आहे, पण पायरी कुणी सोडलेली नाही.

धुतलेल्या दुधाच्या पिशव्या कापून त्यांच्यामध्ये गोळा ठेवून लाटा. जाडी २.५ मिलिमीटर, सगळीकडे सारखी. दोन्ही बाजूंना त्या जाडीच्या पट्ट्या ठेवून लाटणं त्यांच्यावरून फिरवलं की हाताच्या अंदाजावर विसंबावं लागत नाही. ७ सेंटिमीटरच्या वाटीने कापल्या तर ३०च्या आसपास चकत्या होतात.

वाळवण दोन टप्प्यांत करायचं. आधी जाळीवर, मलमलीखाली, सावलीत किंवा खिडकीतल्या वाऱ्यावर ठेवा आणि पहिले काही तास दर तासाला उलटा. १०० ग्रॅमचे ६१ झाले की थांबा. सगळ्या चकत्या एकावर एक रचून घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवा. बाहेरचा थर आधी वाळतो आणि पोटात ओल राहते. डब्यात ती ओल सगळीकडे सारखी पसरते. ही रात्र वगळली तर वजन बरोबर येऊनही चकती कडेला कोरडी आणि मधे ओली राहते. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाळीवर पसरून ५६-५७ वर आणा.

भाजताना थेट मोठ्या आचेवर टाकू नका. तवा मंद आचेवर ठेवून चकत्या दोन्ही बाजूंनी ८-१० मिनिटं नुसत्या कोमट करा. मग पापड भाजायच्या दुहेरी जाळीवर मध्यम आचेवर घ्या आणि दर ५-६ सेकंदांनी उलटत राहा. आधी काही होत नाहीसं वाटतं. मग चकती एकाएकी लवचीक होते, कडा वळायला लागतात. आता दाबायची वेळ झाली. सोकात यासाठी मूठ असलेला भाजक्या मातीचा ठोकळा असतो, त्याला ओशिगावारा म्हणतात. घरी सपाट बुडाची जड स्टीलची वाटी चिमट्यात धरून चालते. जिथे फुगा उठेल तिथे एक क्षण दाबा, उलटा, पुन्हा दाबा. यामुळे वाफ एकाच मोठ्या फुग्यात न साठता चकतीभर पसरते आणि आत बारीक बारीक पोकळ्या तयार होतात. सोकाच्या सेम्बेचा जो कडक पण सुटसुटीत तुटणारा चावा आहे, तो या दाबण्यातून येतो. एकूण ३ ते ४ मिनिटांत रंग फिकट बदामी झाला पाहिजे.

ओव्हन असेल तर २२० अंशांवर ८ ते १२ मिनिटं, मधे एकदा उलटून. सोपं आहे, पण दाबायला मिळत नसल्याने चकत्या वाकड्या होतात.

प्रश्न: फुगले, पण काहींवर मोठे फोड आले आणि काहींच्या कडा वाळतानाच तडकल्या. सोया लावल्यावर तर चिकटच राहिले. (एक वाचक, बाणेर)

उत्तर: फोड आले म्हणजे पोटात ओल जास्त होती किंवा आच सुरुवातीलाच मोठी होती. कडा तडकल्या त्या सोसाट्याचा वारा किंवा थेट ऊन लागल्यामुळे. मार्च ते मेमध्ये पुण्याची हवा इतकी कोरडी असते की पहिले तीन-चार तास तरी चकत्या घरातच, पंखा न लावता ठेवाव्यात. या वाळवणासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने सगळ्यात चांगले. पावसाळ्यात बाहेर वाळवायच्या फंदात पडू नका. चकती वाळण्याआधी तिला बुरशी येते. तेव्हा ओव्हन ४५-५० अंशांवर, दार किंचित उघडं ठेवून वापरा.

चिकटपणा सोयामुळे आहे. चायनीजच्या गाड्यांवर वापरतात तो काळा दाट सॉस नको. त्यात कॅरॅमलचा रंग आणि साखर असते, तो चकतीवर वाळतच नाही. बाटलीवर सोयाबीन, गहू, मीठ आणि पाणी एवढेच घटक असलेला, आंबवून केलेला सॉस घ्या. दोन मोठे चमचे सॉसमध्ये अर्धा छोटा चमचा साखर विरघळवा. चकती जाळीवरून उतरताच ब्रशने प्रत्येक बाजूला एकच पातळ हात द्या. चकती गार झाल्यावर लावलेला सॉस शोषला जातो आणि ती मऊ पडते. लावल्यावर पुन्हा मंद आचेवर प्रत्येक बाजू अर्धा मिनिट धरा, किंवा १०० अंशांच्या ओव्हनमध्ये १० मिनिटं ठेवा. सोया लावल्यानंतर आच मोठी नको. त्यातली साखर आणि प्रथिनं पटकन करपतात आणि कडू लागतात.

प्रश्न: सोका नेमकं कुठे आहे, आणि सेम्बेसाठी तेच गाव का? टीपेत कुणा ओसेन आजीचा उल्लेख होता, ती गोष्ट खरी का? (एक वाचक, सदाशिव पेठ)

उत्तर: सोका टोकियोच्या उत्तरेला, साईतामा प्रांतात आहे. टोकियोचं नाव एदो होतं त्या काळात तिथल्या निहोनबाशी पुलापासून पाच महामार्ग निघत. त्यांतला निक्को काइदो हा तोकुगावा या सत्ताधारी घराण्याच्या समाधिस्थानाकडे, निक्कोला जाई. या वाटेवर पहिला मुक्काम सेंजू आणि दुसरा सोका. १६३० मध्ये सोका अधिकृत मुक्कामाचं गाव झालं. निहोनबाशीपासून अंतर सुमारे १७ किलोमीटर, म्हणजे पायी निघालेला माणूस इथे टेकणार आणि काहीतरी तोंडात टाकणार हे ठरलेलं. कवी बाशो १६८९ मध्ये उत्तरेच्या प्रवासाला निघाला तोही याच वाटेने गेला. आयासे नदीच्या काठी त्याचा पुतळा आहे.

ओसेनची गोष्ट अशी: तिचं चहाचं दुकान होतं, तिथे ती तांदळाचे दांगो म्हणजे वाफवलेले गोळे विकायची. उरलेले गोळे टाकून द्यावे लागत. एका सामुराईने तिला सांगितलं, ते चपटे करून वाळव आणि भाजून वीक. गावात ओसेनच्या नावाची बाग आहे, तिथे सेम्बेच्या आकाराचं स्मारकही आहे. गोष्ट छान आहे, पण ती आख्यायिका म्हणूनच घ्यावी. उरलेला तांदूळ वाळवून भाजणं हे भातशेतीच्या प्रदेशात कुणा एकीच्या डोक्यातून यायची गरज नाही.

सोकाचं वेगळेपण समजून घ्यायचं तर नकाशा पाहावा. आजूबाजूला सखल, पाणथळ जमीन, म्हणजे भात भरपूर. समोर रहदारीचा महामार्ग, म्हणजे गिऱ्हाईक रोजचं. आणि आयासे नदीवर धक्का, म्हणजे माल होडीने एदोला जायचा-यायचा. सुरुवातीला चकतीत फक्त मीठ मळलेलं असे. एदो नदीकाठच्या नोदा गावात सोया सॉसचे कारखाने वाढले, तिथला सॉस या भागात सहज मिळू लागला आणि एदो काळाच्या उत्तरार्धात तो चकतीवर लावायची रीत पडली. नोदातल्या सोया बनवणाऱ्या घराण्यांनी १९१७ मध्ये एकत्र येऊन जी कंपनी काढली, तीच आजची किक्कोमान. १८९९ मध्ये तोबू रेल्वेचा पहिला मार्ग किता-सेंजूहून कुकीपर्यंत सुरू झाला. सोका त्याच मार्गावर आहे. पुढे तैशो काळात (१९१२ ते १९२६) सेम्बे सम्राटाला भेट म्हणून गेले आणि सोकाचं नाव देशभर झालं. तांदूळ, रस्ता, नदी आणि शेजारी सोया: हे चारही एकत्र आलेलं दुसरं गाव त्या वाटेवर शोधून पाहा, म्हणजे सोकाच का हे लक्षात येईल.

प्रश्न: इंद्रायणी, आंबेमोहर, कोलम यांतला कुठला तांदूळ जवळचा? आणि ओकाकी, आरारे हे वेगळे पदार्थ की सेम्बेच? (एक वाचक, तळेगाव दाभाडे)

उत्तर: जवळ राहता म्हणून सांगायला आनंद आहे: तुमच्या शेजारच्या वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून आलेला इंद्रायणी या कामाला सगळ्यात योग्य. सेम्बे साध्या, न चिकटणाऱ्या जातीच्या जपानी तांदळाचे करतात. पण जपानचा तो "न चिकटणारा" तांदूळसुद्धा आपल्या कोलमपेक्षा बराच चिकट असतो. तांदळात अमायलोज हा स्टार्चचा प्रकार जितका जास्त तितका भात मोकळा आणि गार झाल्यावर तितका ताठ. कोलमची चकती म्हणून लवकर ताठरते, लाटताना कडेला फाटते आणि कमी फुगते. बासमती तर अजिबात नको. आंबेमोहर चालतो, वास सुरेख येतो, पण सोया लावल्यावर तो वास दबतो. आंबेमोहराच्या चकत्या मिठाच्याच ठेवाव्यात.

नवा तांदूळ जुन्यापेक्षा चिकट असतो, त्यामुळे नव्याला पाणी १० मिली कमी लागतं. गिरणीत गहू किंवा ज्वारी दळल्यावर लगेच आपलं पीठ दळू देऊ नका. तांदळाचा घाणा झाल्यावर टाका आणि मैद्याच्या चाळणीने चाळून घ्या. रवाळ पिठात कच्चे कण राहतात.

ओकाकी आणि आरारे चिकट, मोची तांदळाचे असतात. त्यात अमायलोज जवळजवळ नसतोच, म्हणून ते जास्त हलके आणि जास्त फुगीर होतात. नववर्षाला देवासमोर ठेवलेली मोची, म्हणजे या तांदळाचा कुटलेला गोळा, ११ जानेवारीच्या सुमाराला फोडतात. सुरीने न कापता फोडलेले ते तुकडे वाळवून भाजायचे, ही ओकाकीची जुनी रीत. आरारे त्याहून बारीक. आपल्याकडे पाकिटात शेंगदाण्यांबरोबर येतात ते चंद्रकोरीसारखे तिखट दाणे, काकी नो ताने, याच जातीचे. त्यांची सुरुवात नीगाता प्रांतातल्या नागाओकात १९२० च्या दशकात झाली. मोची तांदळाचा गोळा कापण्याआधी दोन-तीन दिवस फ्रीजमध्ये घट्ट करावा लागतो, नाहीतर सुरीला चिकटून आकारच येत नाही.

प्रश्न: आम्ही जैन आहोत. मुलगा जपानहून पाकिटं आणतो, "तांदळाचेच आहेत" म्हणतो. खायला हरकत नाही ना? (एक वाचक, बिबवेवाडी)

उत्तर: घटक वाचल्याशिवाय खाऊ नका. तांदूळ असला तरी चव कशाची आहे हे वेगळं. जपानमध्ये विकल्या जाणाऱ्या पाकिटावर आपल्यासारखी शाकाहारी-मांसाहारी खूण नसते. मुलाला फोनवरच्या भाषांतराच्या ॲपने घटकांची यादी वाचायला सांगा आणि हे शब्द शोधायला सांगा: एबी (कोळंबी), इका (माकूळ), कात्सुओ (बोनिटो मासा, याचा अर्क साध्या दिसणाऱ्या सोयाच्या मिश्रणातही असतो), चिकन आणि पोर्क एक्स्ट्रॅक्ट, निन्निकु (लसूण), तामानेगी (कांदा). नोरी आणि कोम्बू या समुद्री वनस्पती आहेत. साधे मिठाचे किंवा फक्त सोयाचे सेम्बे बहुतेक वेळा चालण्यासारखे निघतात, पण ब्रँडनुसार फरक पडतो.

याच ओघात, गव्हाची ॲलर्जी किंवा सीलिॲक असणाऱ्यांसाठी: जपानी सोया सॉसमध्ये सहसा गहू असतो. त्यामुळे सोया लावलेला तांदळाचा सेम्बे सहसा ग्लूटेनमुक्त नसतो. मिठाचा घेतलात तरी तोच कारखाना सोयाचेही करतो का, हे पाकिटावर पाहा.

प्रश्न: पावसाळ्यात उघडलेलं पाकीट एका दिवसात मऊ पडतं. आतल्या पुडीचं काय करायचं? (एक वाचक, औंध)

उत्तर: १०० ते ११० अंशांच्या ओव्हनमध्ये ५ ते ८ मिनिटं, किंवा अगदी मंद आचेवर तव्यावर. बाहेर काढून पूर्ण गार झाल्यावरच चावून पाहा, गरम असताना ते मऊच वाटतात. मग पुन्हा हवाबंद बरणीत. आतल्या पुडीत पारदर्शक मणी असतील तर ती सिलिका जेल, बरणीत ठेवून द्या. पांढरी पूड असेल तर बहुधा कळीचा चुना. ती फोडू नका आणि ओल्या कचऱ्यात टाकू नका, पाणी लागलं की तापते. मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नये.

प्रश्न: ऑफिसमधल्या एकाने आणलेले सेम्बे चक्क मऊ आणि ओलसर निघाले. खराब झाले होते का? (एक वाचक, पिंपळे सौदागर)

उत्तर: नाही, ते नुरे-सेम्बे असणार. भाजून गरम असतानाच सोयात बुडवलेले, मुद्दाम मऊ ठेवलेले. चिबा प्रांतातलं चोशी हे त्यांचं प्रसिद्ध गाव, आणि सोयाचंही. तिथल्या चोशी विद्युत रेल्वेचा मार्ग जेमतेम ६.४ किलोमीटरचा. तिकिटांवर भागेना म्हणून तिने १९९५ पासून नुरे-सेम्बे विकायला सुरुवात केली. २००६ मध्ये गाड्यांच्या दुरुस्तीलाही पैसे नाहीत, आमचे सेम्बे विकत घ्या, असं आवाहन कंपनीने इंटरनेटवर केलं आणि देशभरातून मागणी आली. मार्ग आजही चालू आहे. हे सेम्बे ओव्हनमध्ये कुरकुरीत करायला जाऊ नका, चिवट होतात. पाकीट उघडलं की लगेच संपवावं.

प्रश्न: ओकायामाला मुलीकडे जाणार आहोत. आमच्या सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानामुळे त्या गावाशी नातं आहेच. तिथे सोकासारखे सेम्बे मिळतील का? (एक वाचक, सिंहगड रस्ता)

उत्तर: सुपरमार्केटमध्ये कारखान्याचे मिळतील, पण तो पश्चिम जपानचा स्थानिक पदार्थ नाही. ओकायामाची ओळख किबी-दांगो, मऊ गोळे. कोबे-ओसाकाकडे सेम्बे म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा गव्हाचं पीठ, साखर आणि अंडं यांचं, लोखंडी साच्यात भाजलेलं गोड बिस्किट असतं. अंडं चालत नसेल तर तिथे नावावर विसंबू नका. वाटेत नाराला गेलात तर बागेत विकतात ते शिका-सेम्बे हरणांसाठी आहेत, कोंडा आणि पिठाचे. नातवंडांना आधीच सांगून ठेवा.

प्रश्न: कंपनीच्या कामासाठी टोकियोत असेन, अर्धा दिवस मोकळा आहे. सोकाला जाऊन येणं जमेल का? चांगलं दुकान कसं ओळखायचं? (एक वाचक, हिंजवडी)

उत्तर: आरामात. टोकियोतल्या किता-सेंजू स्टेशनहून तोबू स्कायट्री मार्गाची एक्स्प्रेस पकडा, पाव तासाच्या आत सोका. स्टेशनजवळच्या जुन्या महामार्गाने उत्तरेला चालत निघालात की वाटेत सेम्बेची दुकानं लागतात. पुढे आयासे नदीकाठी फुदाबागाशीचा जुना धक्का, बाशोचा पुतळा आणि तिथून सुमारे दीड किलोमीटरची पाइन वृक्षांची जुनी रांग. ती संपते तिथून जवळच दोक्क्यो-दाइगाकुमाए स्टेशन आहे. परत यायला त्याच मार्गाची गाडी, पण इथे एक्स्प्रेस थांबत नाही, प्रत्येक स्टेशनला थांबणारी घ्या.

दुकानात शिरल्यावर आधी बरण्यांकडे नाही, भाजण्याच्या जागेकडे पाहा. काही दुकानांत पुढेच भट्टी असते आणि कारागीर समोर बसून उलटत-दाबत असतो. हात सतत चालू हवा. मग एक सेम्बे घेऊन मोडून पाहा. तुटलेल्या कडेला बारीक, सारख्या पोकळ्या दिसल्या तर वाळवण आणि दाबणं दोन्ही नीट झालं आहे. मधे एक मोठी पोकळी आणि वर-खाली पातळ पापुद्रा दिसला तर ओल जास्त असताना घाईने भाजलंय. मधोमध पांढरी, काचेसारखी रेघ असेल तर तो भाग फुगलेलाच नाही. सोयाचा रंग सगळीकडे एकसारखा गडद असण्याची गरज नाही. ब्रशने लावलेला असेल तर थोडा कमी-जास्त असणारच. सोकाच्या उत्पादकांनी अस्सल मालासाठी अटी ठरवल्या आहेत: सोका किंवा लगतच्या शहरांत बनलेला, कांतो परिसरातला (टोकियोभोवतालच्या प्रदेशातला) तांदूळ, ओशिगावाराने किंवा त्याच पद्धतीने दाबून भाजलेला आणि किमान १० वर्षांचा अनुभव असलेल्या कारागिराच्या देखरेखीखाली केलेला.

काही ठिकाणी पाहुण्यांना स्वतः भाजायला देतात. वेळ असेल तर जरूर करा. चकती लवचीक होण्याचा तो क्षण हाताला एकदा कळला की घरच्या जाळीवर चुकत नाही.

कडक भाजलेले सेम्बे खरोखर कडक असतात. घरी ज्येष्ठांना देताना पाकिटातच तुकडे करून द्या.

प्रश्न: आमचा बचतगट पापड-कुरडया करतो. आमच्याच भातापासून असे सेम्बे करून विकता येतील का? (महिला बचतगट, पौड, ता. मुळशी)

उत्तर: येतील, आणि ताई, तुमच्याकडे यातलं सगळ्यात अवघड कौशल्य आधीच आहे: वाळवण. फक्त तीन गोष्टी बदलाव्या लागतील.

पहिली, थांबायचं कुठे ते काटा ठरवेल. दर ताटातल्या पाच चकत्यांवर खूण करा, त्यांचं ओलं वजन वहीत लिहा आणि ५६-५७ टक्क्यांवर आलं की ते ताट उचला, ऊन कितीही चांगलं असो. दुसरी, भाजणं विक्रीच्या जवळ ठेवा. वाळलेल्या कच्च्या चकत्या हवाबंद पिशवीत महिनाभर सहज टिकतात, भाजलेल्या मात्र मुळशीच्या पावसात टिकणार नाहीत. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारीत वाळवा, मागणीप्रमाणे भाजा, जाड पिशवीत सिलिका जेल घालून सील करा. तिसरी, चव. जपानी सोया महाग पडतो आणि गव्हामुळे लेबलवर ॲलर्जीची सूचना लिहावी लागते. मीठ-तीळ, किंवा लाल मिरची आणि मीठ गोळ्यातच मळून केलेल्या चकत्या परवडतील आणि इथल्या जिभेला लगेच पटतील. तीळ १०० ग्रॅम पिठाला ८ ग्रॅमपेक्षा जास्त नको, तेल सुटतं आणि फुगणं कमी होतं. कांदा-लसूण ओला वाटून कधीच घालू नका, वाळवणात आंबतो.

नाव मात्र "सोका सेम्बे" देऊ नका, ते त्या भागाच्या उत्पादकांचं नोंदवलेलं चिन्ह आहे. आपल्या तांदळाचं नाव द्या. मुळशीच्या आंबेमोहराला भौगोलिक मानांकन आहे. तांदूळ खरोखर तोच असेल आणि त्या मानांकनाचे नियम पाळत असाल तर ते पाकिटावर लिहिण्याआधी तालुका कृषी अधिकाऱ्यांशी बोलून घ्या. अन्न सुरक्षा विभागाची नोंदणी पापडांसाठी घेतली असेलच, तिच्यात हा पदार्थ वाढवून घ्या. पहिल्या वेळी दोन किलो पिठाच्याच चकत्या करा, ताटागणिक वजनं लिहून ठेवा आणि न फुगलेल्यांचं ताट कोणतं होतं ते वहीशी ताडून पाहा.